आमदारांचा कार्यअहवाल आलाय. त्यातली ‘मंजुरी’ म्हणजे नेमकं काय समजायचं?

ओढ्यापल्याडची (परभणी जिल्हा)

नमस्कार मंडळी. मी सेलू तालुक्यातल्या एका गावात ऑनलाईनचं दुकान चालवते. सातबारा, पीकविमा, फार्मर आयडी, शाळेचे दाखले, जे येईल ते. गेल्या दिवाळीत अतिवृष्टीच्या अनुदानाच्या केवायसीला एवढी गर्दी होती की "व्हीके नंबर (अनुदानाच्या यादीतला विशिष्ट क्रमांक) सांगा, व्हीके नंबर सांगा" करता करता घसा बसला.

मागच्या आठवड्यात आमच्या आमदारांचा कार्यअहवाल गावात आला. चोवीस पानं, गुळगुळीत कागद, पेपरात घालून घरोघर. आत पावसाळी आणि हिवाळी अधिवेशन २०२५ चा हिशोब. ४१ तारांकित प्रश्न, ९ लक्षवेधी, १ अशासकीय विधेयक, ६ औचित्याचे मुद्दे, वर कपात सूचना. दुकानात येणारा प्रत्येक जण पुस्तिका पुढं करतो, "ताई, हे तारांकित म्हंजी काय? लई भारी असतंय का?" मी म्हणते, असंल बाबा.

पान ६ वर लिहिलंय, "३१ हजार ६२८ कोटींचे पॅकेज खेचून आणले". सासरे म्हणाले, एवढं आपल्याच मतदारसंघात आलं असतं तर वावर कशाला केलं असतं. ते अतिवृष्टीचं पॅकेज ७ ऑक्टोबर २०२५ ला अख्ख्या राज्यासाठी जाहीर झालं, एवढं मलाही कळतं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि ३ लाख मनरेगातून, हे मीच शेकड्यानं लोकांना वाचून दाखवलंय. ते सोडा.

माझा खरा प्रश्न पान १४ चा आहे. तिथं आमच्या गावाचं नाव आहे. "ओढ्यावरील पुलास मंजुरी, २ कोटी ४० लाख." शेजारी पुलाचा फोटो, खाली निळंशार पाणी. असला पूल आमच्या तालुक्यात कुठंच नाही. आमच्या ओढ्यावर नळकांड्या टाकलेला फरशीपूल आहे, तोही एका बाजूनं खचलेला. सप्टेंबरच्या पुरात चार दिवस गाव तुटलं होतं. हायस्कूल पलीकडं आहे. माझी मोठी आठवीत आहे, ती आणि तिच्या मैत्रिणी त्या चार दिवसांत घरीच. एका बाळंतिणीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून वरच्या शिवारातून नेली.

तर विचारायचं असं की मंजुरी मिळाली म्हणजे पूल होणार का? आणि सभागृहात खरंच काय बोलले, काय उत्तर आलं, हे माझ्यासारखीला घरबसल्या बघता येतं का? राजकारण नको. ज्यांना आतलं माहिती आहे त्यांनी सांगा.

—

अंबाजोगाईकर

फोटोतला पूल बहुतेक केरळातला असंल. आमच्या आमदाराच्या अहवालातही तोच आहे.

—

निवृत्त बांधकाम (नांदेड)

ताई, मी बांधकामाच्या एका उपविभागात कारकुनी केली. टंकलेखक म्हणून लागलो, वरिष्ठ लिपिक म्हणून सुटलो. आमदारांच्या प्रश्नांची उत्तरं जिथून निघतात ती आमची टेबलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

ऑफिसात त्याला कोणी तारांकित प्रश्न म्हणत नाही, ‘एलएक्यू’ म्हणतात. डिसेंबर उजाडला, नागपूरचं अधिवेशन लागलं की रात्री दहाला फोन. "एलएक्यू आलाय, सकाळी आठपर्यंत माहिती पाहिजे." बायकोला कळायचं, आज डबा दोन वेळचा. मंत्रालयातून मुख्य अभियंता, तिथून अधीक्षक अभियंता, मग कार्यकारी अभियंता, मग आम्ही, आणि आमच्याकडून बिचारा शाखा अभियंता, जो त्या वेळेला कुठल्या तरी गुत्तेदाराच्या लग्नात जेवत असायचा. उत्तर परत त्याच शिडीनं वर चढायचं. एकदा फॅक्स चालेना म्हणून साहेबांनी मला रेल्वेनं कागद घेऊन नागपूरला पाठवलं. थंडीनं कुडकुडत सकाळी पोचलो तर तिथला कक्ष अधिकारी म्हणाला, प्रश्न काल रात्रीच पुढं ढकलला.

आता मुद्द्याचं. तारांकित म्हणजे ज्याच्या नंबराला तारा असतो तो प्रश्न. त्याचं उत्तर मंत्र्यानं सभागृहात उभं राहून द्यायचं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. तारा नसेल तर नुसतं लेखी उत्तर. पण प्रश्नोत्तरासाठी तास एकच. यादीतले पहिले काही प्रश्न पुकारले जातात, बाकीच्यांची उत्तरं लेखी स्वरूपात पटलावर जातात. म्हणजे ४१ तारांकितांपैकी तोंडी चर्चेला आले किती, ते अहवालात नसतं. दुसरी गंमत अशी की एकाच प्रश्नाला दहा-वीस आमदारांची नावं असतात. सगळ्यांच्या अहवालात तो प्रश्न एकेक म्हणून मोजला जातो. यादी उघडून नाव कितवं आहे ते बघा.

पण आकडा सोडा, उत्तर वाचायला शिका. प्रश्नाचा साचा ठरलेला. "अमुक पूल खचला आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय?" आणि आमचाही साचा ठरलेला. रस्ता पुरता गेला असला तर ‘अंशतः खरे आहे’. थोडाफार गेला असला तर ‘हे खरे नाही’. आणि विलंबाच्या कारणापुढं ‘प्रश्न उद्भवत नाही’. हे तीन शब्द मी आयुष्यात किती वेळा टाईप केले त्याला हिशोब नाही. एक आठवण सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. माझ्या सासरवाडीच्या रस्त्याचा प्रश्न आला होता. मी लिहिलं, "खड्डे भरण्यात आले असून वाहतूक सुरळीत सुरू आहे." वर सगळ्यांच्या सह्या झाल्या. पुढच्या पावसाळ्यात त्याच रस्त्यावर मेव्हण्याची बैलगाडी ज्वारीच्या कट्ट्यांसकट आडवी झाली. तेव्हापासून त्या घरात मला ‘सुरळीत’ म्हणतात.

म्हणून उत्तराची शेवटची ओळ बघायची. ‘प्रस्ताव छाननीत आहे’, ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’, ‘कार्यवाही सुरू आहे’ असं असलं तर हातात काही नाही. ‘प्रशासकीय मान्यता अमुक तारखेच्या शासन निर्णयान्वये’ असं असलं तर काहीतरी आहे.

तुमच्या ‘मंजुरी’चं आता. आमदार मंत्र्याला पत्र देतात. मंत्री त्यावर शेरा मारतात, ‘तपासून प्रस्ताव सादर करावा’. एवढ्यावर कित्येक अहवालांत मंजुरी छापून येते. खऱ्या कामाचा रस्ता लांब आहे. आधी सर्वेक्षण आणि अंदाजपत्रक. मग प्रशासकीय मान्यता, म्हणजे सरकार म्हणालं की काम करू, एवढा खर्च मान्य. मग तांत्रिक मान्यता. मग निविदा. मग कार्यारंभ आदेश, ज्याला गुत्तेदार वर्क ऑर्डर म्हणतात. तो निघाला की जेसीबी दिसतो. यातल्या कुठल्या पायरीवर तुमचा पूल आहे, हे विचारा.

आणि सगळ्यात आधी रस्ता कुणाचा ते काढा. किलोमीटरच्या दगडावर किंवा पाटीवर ‘रामा’, ‘प्रजिमा’, ‘इजिमा’ नाहीतर ‘ग्रामा’ असं काहीतरी असेल. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामकडं, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग साधारणपणे जिल्हा परिषदेकडं. बांधकामचं काम बजेटमध्ये आलं असेल तर ते पांढऱ्या पुस्तकात सापडतं, आम्ही व्हाईट बुक म्हणायचो. तिथं कामाच्या नावापुढं यंदाची तरतूद किती ते वाचा. काम दोन कोटींचं आणि तरतूद काही हजारांची असली तर समजा, नुसती जागा धरून ठेवलीय, एसटीत रुमाल टाकतात तशी.

घरबसल्या बघता येतं. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नांच्या याद्या, उत्तरं आणि कामकाजाचा शब्दशः अहवाल असतो. त्यावर ‘असुधारित प्रत’ असं लिहिलेलं असलं तरी वाचायला चालतं.

—

स्वीय सहायक नव्हे, नुसता कार्यकर्ता

काकांनी लिहिलेलं बरोबर आहे. पण दुसरी बाजू कुणी लिहिणार नाही म्हणून मी लिहितो. मी एका आमदारांच्या (ताईंच्या नव्हे) कार्यालयात काम करतो आणि असा अहवाल दोनदा स्वतः बांधलाय. फोटो मीही नेटवरून घेतलेत. छापखान्याचा माणूस दारात बसलेला असतो, काय करता.

लोक म्हणतात आमदार सभागृहात बोलत नाही. बोलायला वेळ मिळाला पाहिजे ना. विधानसभेत २८८ जण, त्यात मराठवाड्याचे ४६. २०२५ चं हिवाळी अधिवेशन ८ ते १४ डिसेंबर, आठवडाभर. लक्षवेध्या (तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधणाऱ्या सूचना) ढिगानं दिल्या जातात, रोज चर्चेला येतात मोजक्या. अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराचं, शुक्रवारी मांडायला मिळालं तरी नशीब. आमचे साहेब एका लक्षवेधीसाठी सकाळपासून फाईल मांडीवर घेऊन बसले आणि कामकाज तहकूब झालं. अहवालात आम्ही काय लिहायचं? ‘बसून होते’ असं?

दुसरं, निधी. आमदाराचा स्वतःचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी, २०२२ च्या बजेटपासून. मतदारसंघात शंभराच्या पुढं गावं. दोन कोटी चाळीस लाखांचा पूल त्यातून करायचा म्हणजे निम्मा निधी एका ओढ्यात. त्यातून सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट असलीच कामं होतात. बाकी सगळं पंचवीस-पंधरा (ग्रामविकास खात्याचं २५१५ लेखाशीर्ष), जिल्हा नियोजन आणि पुरवणी मागण्यांतून ओढून आणायचं. ज्याचं वजन जास्त त्याचं पारडं खाली.

आधी असं नव्हतं. दांडेकर समितीनं १९८४ ला अनुशेष, म्हणजे कुठला भाग विकासात किती मागं राहिला, ते मोजून दिलं. घटनेच्या ३७१(२) कलमाखाली १९९४ ला मराठवाडा विकास मंडळ आलं. निधी कसा वाटायचा याचे निर्देश राज्यपाल द्यायचे. ते पुरेसे पाळले जात होते असं मी म्हणत नाही, पण दाखवायला कागद तरी होता. ३० एप्रिल २०२० ला मंडळाची मुदत संपली, ती संपलीच. आता जो ओढील त्याचं. त्यामुळं आमदार ‘खेचून आणले’ असं लिहितो तेव्हा हसू येतं खरं, पण पद्धतच खेचाखेचीची झालीय.

—

तिसरा अटेम्प्ट (लातूर)

एमपीएससीचा अभ्यास करतोय, त्यामुळे हे विषय तोंडपाठ आहेत, एवढा एकच फायदा. ताई, तुमच्या अहवालात ‘तुकडेबंदी कायदा रद्द करून घेतला’ असं वाक्य आहे का हो? आमच्याकडच्या तिन्ही अहवालांत आहे.

तुकडेबंदी म्हणजे जमिनीचे ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडून विकायला बंदी. ते वाक्य असेल तर पुढचं वाचा, कारण तुमच्या दुकानात गुंठ्याच्या रजिस्ट्रीबद्दल विचारणारे येतच असतील. जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधानसभेत तो रद्द करण्याची घोषणा केली. घोषणा म्हणजे कायदा नव्हे, त्या दिवशी दुय्यम निबंधकाकडं गेला असता तर त्यानं परत पाठवलं असतं. नोव्हेंबरमध्ये अध्यादेश निघाला. अध्यादेशही कायमचा नसतो, अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याच्या जागी विधेयक मंजूर व्हावं लागतं. ते हिवाळी अधिवेशनात आलं. आणि एवढं होऊनही १९४७ चा मूळ कायदा रद्द झालेला नाही. निवासी आणि बिनशेती वापराच्या भागातल्या व्यवहारांना त्यातून मोकळीक मिळाली. शेतातला शेतीसाठीचा तुकडा तोडून विकायचा असेल तर अडचण तशीच आहे. आमच्या मामांनी अहवाल वाचून दहा गुंठ्यांचं इसारपत्र करून टाकलं, आता इसार परत मागायला चकरा मारतायत.

आमदारानं कायद्याच्या बाबतीत काही केलं का, हे बघायचं असेल तर विधेयकावर तो बोलला का, दुरुस्ती सुचवली का, हे बघावं. जनसुरक्षा विधेयक संयुक्त चिकित्सा समितीकडं गेलं होतं तेव्हा लोकांकडून बारा हजारांवर सूचना आल्या, मग जुलै २०२५ ला ते दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. किती आमदारांनी मतदारसंघात येऊन "बाबांनो, असं विधेयक येतंय, काय म्हणणं आहे" असं विचारलं? आमच्याकडं तर कुणी नाही. इथं पैठणच्या डाव्या कालव्यावरचे कोणी असतील तर त्यांना विचारा. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला समन्यायी वाटपाचं पाणी येतं ते २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यामुळं. त्यातल्या एका कलमावर कितीतरी गावांची रब्बी उभी आहे. आणि अहवालात कायद्याला अर्धं पान, सभामंडपाला नऊ.

एक सोपी युक्ती. अहवालात शासन निर्णयाचा उल्लेख असेल तर त्याचा सांकेतांक मागा. अठरा आकडी असतो, पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की निर्णय समोर. सांकेतांक देता येत नसेल तर निर्णय निघालेला नाही असं धरून चाला.

—

अंबाजोगाईकर

मामांना सांगा, प्रश्न उद्भवत नाही.

—

ओढ्यापल्याडची

सगळ्यांचे आभार. सुरळीत काका, तुमचे विशेष. (राग मानू नका, सासऱ्यांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं, तेव्हापासून ते तुम्हाला याच नावानं ओळखतात.)

दोन रात्री दुकान बंद केल्यावर बसले आणि शोधलं. आमच्या पुलाचा प्रश्न खरंच सापडला! तालुक्यातल्या आणखी काही पुलांबरोबर एकत्र आहे. सतरा आमदारांची नावं, आमचे अकरावे. तोंडी चर्चेला आलेला नाही, लेखी उत्तर आहे. पुराच्या पाण्याने पूल खचून गावाचा संपर्क तुटला हे खरे आहे काय? ‘अंशतः खरे आहे.’ चार दिवस तुटला होता, म्हणजे अंशतःच म्हणायचा. पुढं, ‘नवीन पुलाचा प्रस्ताव क्षेत्रीय कार्यालयाकडून मागविण्यात आला असून निधीच्या उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात येईल.’ आणि शेवटी काकांचे तीन शब्द.

रस्त्याचा दगड शोधायला मुलीला पाठवलं. बाभळीत गेलेला होता, तिनं विळ्यानं मोकळा केला. ‘ग्रामा’ निघाला. म्हणजे जिल्हा परिषद. सोमवारी उपविभागात जाऊन आले. शाखा अभियंता माणूस चांगला आहे. म्हणाला, ताई, अजून सर्वेक्षणच झालेलं नाही, टेप लागलेला नाही, दोन चाळीस हा आकडा कुणी काढला ते मलाच विचारायचंय. मी लेखी अर्ज दिला, शिक्का मारून पोच घेतली.

आमदारांच्या कार्यालयातही फोन केला. तिथल्या दादांनी नीट ऐकून घेतलं. सांकेतांक विचारला तर म्हणाले, पाठवतो. आठ दिवस झाले. तुकडेबंदीचं वाक्य पान ९ वर आहे, त्यावर मी पेननं लिहून पुस्तिका काउंटरवर ठेवलीय.

काका, आता पुढं काय करू? ग्रामसभेत ठराव घ्यायचा का?

—

निवृत्त बांधकाम (नांदेड)

ठराव घ्या, पण तो फाईलला लागेल, पुलाला नाही. अर्जाची पोच घेतली हे फार चांगलं केलं. आता त्या शाखा अभियंत्याला सर्वेक्षणाची तारीख मागा आणि त्या दिवशी गावातली चार म्हातारी माणसं ओढ्यावर हजर ठेवा. तो पहिला प्रश्न विचारणार, पाणी कुठवर आलं होतं? ऑफिसात त्याला एचएफएल म्हणतात, आजवरची सगळ्यात वरची पूरपातळी. पुलाची उंची त्यावर ठरते. खूण नसली की प्रत्येक जण वेगळं सांगतो, अभियंता आपला मधला आकडा घेतो, आणि बांधलेला पूल पुढच्या पुरात पुन्हा पाण्याखाली. असले दोन पूल मी फायलीत पाहिलेत. तेव्हा आठवतंय तोवर एखाद्या पक्क्या जागी, देवळाच्या भिंतीवर किंवा झाडावर, रंगाची रेघ मारून घ्या. शेजारी तारीख लिहा.

आमदारांवर रागावू नका. अंदाजपत्रक तयार झालं की त्याचा नंबर घेऊन त्यांच्याकडंच जा. नंबर हातात असला की त्यांनाही मंत्र्याकडं मागायला काहीतरी असतं.

—

ओढ्यापल्याडची

रेघेची गरज नाही काका. सासऱ्यांनी पुराच्या दिवशीच पाणी ओसरायच्या आत ओढ्याकाठच्या लिंबाला खिळा मारून ठेवलाय. त्याच्याखाली हातभर अंतरावर त्यांच्या वडिलांनी मारलेला गंजका खिळा आहे. अभियंत्याला दोन्ही दाखवते.